स्वभावाला औषध नाहीं?

स्वभावाला औषध नाहीं ही म्हण आपल्या घराघरांतून इतक्या सहजपणें उच्चारली जाते कीं, ती तपासून पाहावी असें कोणास वाटतच नाहीं. मूल हट्टी निघालें कीं म्हण पुढें येते, आणि ती आली कीं विचार थांबतो. वर्तनाचा अभ्यास करणाऱ्या मानसशास्त्रज्ञांचें म्हणणें याहून निराळें आहे. स्वभाव डोळ्यांना दिसत नाहीं. दिसते ती कृति. त्या कृतीच्या आधीं काय घडलें आणि तिच्या मागोमाग काय घडलें, एवढें नीट पाहा, असें ते सांगतात. कृति बदलण्याची किल्ली बहुधा या दोन ठिकाणींच सांपडते.

पनवेलजवळच्या विचुंबे गांवांतील एखादें घर उदाहरणादाखल डोळ्यांपुढें आणूं. नवीन पनवेलच्या कडेला असलेल्या या गांवांत भातखाचरांच्या शेजारीं इमारती उभ्या राहिल्या आहेत. मुंबईस नोकरीला जाणारीं माणसें सकाळीं पनवेलची लोकल पकडतात आणि दिवेलागणीनंतर घरीं परततात. अशा एका घरांत आई साडेसातला दार उघडून आंत येते, आणि चार वर्षांचा मुलगा तिला बिलगून मोबाइल मागतो. आई नाहीं म्हणते. तो पुन्हां मागतो, पुन्हां नाहीं. मग तो पाय आपटतो, जमिनीवर लोळतो, गळा काढतो. कुकर अजून चढवायचा असतो, भिंतीपलीकडे शेजारी ऐकत असतात. आजी आंतून म्हणतात, “अग, दे ना त्याला एकदां, डोकें उठलें माझें!” सहा वेळां नकार दिलेली आई सातव्या वेळीं मोबाइल त्याच्या हातांत ठेवते. घर क्षणांत शांत होतें. मग आजींचें ठरलेलें वाक्य, “स्वभावच हट्टी, अगदीं बापासारखा.”

येथें स्वभावाचा भाग किती असेल तो असो. शिक्षण मात्र दोघांचें झालें. मागून मिळत नाहीं, लोळून मिळतें, हें मुलगा शिकला. आणि मोबाइल दिला कीं रडें थांबतें, हें आई शिकली. कोणी कोणाला वळण लावलें, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाहीं.

एडवर्ड थॉर्नडाइक या अमेरिकन संशोधकानें १८९८ सालीं प्रसिद्ध केलेले मांजरांचे प्रयोग याच गोष्टीचा पाया आहेत. भुकेलें मांजर खटक्याच्या पेटींत कोंडावें, बाहेर खाद्य ठेवावें. मांजर प्रथम ओरबाडतें, चावतें, धडपडतें. त्यांत केव्हां तरी खटका दाबला जातो आणि दार उघडतें. पुढच्या खेपांत निरर्थक धडपड कमी कमी होत जाते आणि खटका लवकर दाबला जातो. ज्या कृतीमागून समाधान येतें ती पक्की होते, असा नियम त्यानें त्यावरून मांडला. पुढें बी. एफ. स्किनर यानें उंदरांवर आणि कबुतरांवर हाच अभ्यास फार बारकाईनें केला. कृतीला बळ देणाऱ्या या परिणामास आपल्या पाठ्यपुस्तकांत प्रबलन म्हणतात.

स्किनरच्या कामांतील एक गोष्ट गृहिणींनीं मुद्दाम ध्यानांत ठेवावी. दांडी दाबली कीं दर वेळीं दाणा पडत असेल, तर दाणे बंद होतांच उंदीर लवकर कंटाळतो. पण दाणा कधीं पडतो, कधीं पडत नाहीं, अशी संवय झालेला उंदीर दाणे बंद झाल्यावरही कितीतरी वेळ दांडी दाबीत राहतो. सहादां नाहीं आणि सातव्यांदा हो, ही विचुंब्याच्या आईची रीत नेमकी दुसऱ्या प्रकारची. पहिल्याच वेळीं हो म्हणणारी आई कदाचित् लाड करते. सातव्या वेळीं हो म्हणणारी चिकाटी शिकवते, आणि तीही रडण्याची.

मग उपाय काय? ज्या फळासाठीं कृति चालली आहे तें फळ देणें बंद करावें. सी. डी. विल्यम्स यानें १९५९ सालीं नोंदविलेली एक हकीकत याबाबत प्रसिद्ध आहे. सुमारें एकवीस महिन्यांचें एक मूल निजवून खोलीबाहेर पडलें कीं आकांत करी, आणि झोंप लागेपर्यंत मोठ्यांपैकीं कोणाला तरी उशाशीं बसावें लागे. पहिले अठरा महिने तें फार आजारी होतें. तेव्हां जवळ बसणें हें कर्तव्यच होतें. आजार गेला, संवय राहिली. प्रकृति ठीक असल्याची खात्री करून घेतल्यावर मग आईवडिलांनीं ठरविलें कीं, निजवावें, प्रेमानें निरोप घ्यावा, दार लावावें आणि पुन्हां आंत जाऊं नये. पहिल्या खेपेस मूल पंचेचाळीस मिनिटें रडलें. दहाव्या खेपेपर्यंत रडें तर नाहींच, उलट तें हसत निरोप देऊं लागलें. सुमारें आठवड्यानें घरांतल्या एका नातलग बाईनें त्याला निजविलें, तें रडलें, आणि ती परत येऊन उशाशीं बसली. झालें! सारें पुन्हां पहिल्यापासून करावें लागलें. ही आत्या कीं मावशी, हें मूळ हकीकतीवरून कळत नाहीं. इंग्रजींत दोघींना एकच शब्द. दुसऱ्या वेळीं नवव्या खेपेस रडें संपलें, आणि पुढच्या दोन वर्षांत तें पुन्हां उद्भवलें नाहीं.

यांतला अवघड भाग असा कीं, फळ बंद होतांच हट्ट प्रथम वाढतो. नेहमींच्या आवाजानें काम होत नाहीं म्हणून मूल मोठा आवाज लावून पाहतें. त्या टोकाला जाऊन आईनें हार मानली, तर तिनें मोठा आवाज शिकविला असें होतें. म्हणून निभावण्याची तयारी नसेल तर हा उपाय आरंभूंच नये. भूक, भय किंवा दुखणें यांचें रडें तर निराळेंच; तेथें धांवून गेलेंच पाहिजे.

दोन धपाटे कां घालूं नयेत, असें कोणी विचारील. धपाट्यानें रडें थांबतें हें खरें. म्हणून तर मारणाऱ्याचा हात पुन्हां उठतो, कारण त्यालाही फळ मिळालेलें असतें. स्किनरनें १९३८ च्या आपल्या ग्रंथांत अशी नोंद केली कीं, दांडी दाबणाऱ्या उंदराच्या पंजांवर फटका बसेल अशी योजना केली तेव्हां त्याचें दाबणें कांहीं वेळ मंदावलें, पण फटके थांबल्यावर त्यानें ती कसर भरून काढली. शाळेंतल्या शारीरिक शिक्षेस आणि मानसिक छळास २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या सतराव्या कलमानें बंदी घातली आहे; घरांतल्या धपाट्यापर्यंत मात्र तें कलम पोंचत नाहीं. आणि शिक्षा प्रायः एकच धडा पक्का करते, तो म्हणजे शिक्षा करणाऱ्याची चाहूल ओळखणें. उघड्यावर शौचास बसणारांना अडविण्यासाठीं पहाटे शिट्ट्या वाजवीत हिंडणारीं गुड मॉर्निंग पथकें महाराष्ट्रानें पाहिलीं आहेत. जेथें घरीं शौचालय नाहीं, किंवा असून पाणी नाहीं, तेथें नुसती शिट्टी काय शिकविणार? पथकाची वेळ आणि दुसरी आडवाट!

गाडगेबाबांची रीत निराळी होती. गांवांत शिरल्यावर ते आधीं खराटा हातीं घेत आणि रस्ता झाडूं लागत. उपदेश रात्रींच्या कीर्तनांत, आणि तोही प्रश्न विचारून, श्रोत्यांकडून उत्तर वदवून. माणूस नुसतें पाहूनही शिकतो, हें आल्बर्ट बांडुरा यानें १९६१ सालीं मुलांवरील प्रयोगांतून दाखविलें. पण १८७६ सालीं वऱ्हाडांत जन्मलेल्या आणि १९५६ सालीं निवर्तलेल्या या पुरुषाचा सारा संसारच त्या तत्त्वावर उभा होता. २०००-०१ सालीं त्यांच्याच नांवानें ग्रामस्वच्छता अभियान सुरू झालें आणि गांवांना बक्षिसें मिळूं लागलीं. बक्षीस वाईट नव्हे. पण वर्षांतून एकदां येणारी ढाल रोज सकाळच्या खराट्याला पुरेसें बळ देऊं शकत नाहीं. त्याला रोजचें फळ लागतें.

कृतीच्या आधींची परिस्थिति बदलण्याचें उत्तम उदाहरण कोसबाडचें. ताराबाई मोडक यांनीं १९४५ सालीं बोर्डी येथें बालशिक्षणाचें काम आरंभिलें, आणि १९५७ सालीं तें जवळच्या कोसबाडला नेलें. आदिवासी मुलें शाळेंत येत नाहींत म्हणून त्यांना आळशी ठरविणें सोपें होतें. ताराबाई व अनुताई वाघ यांनीं पाहिलें कीं, मुलें गुरांमागें जातात. म्हणून शाळाच कुरणांत नेली, आणि तिला कुरणशाळा असें नांव पडलें. मुलांचा स्वभाव कोणी बदलला नाहीं. शाळेची जागा बदलली.

बक्षिसाबद्दल आणखी एक इशारा. १९७३ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन प्रयोगांत, चित्रें काढण्याची आवड असलेल्या लहान मुलांपैकीं कांहींना चित्रांबद्दल सोनेरी ताऱ्याचें प्रशस्तिपत्र देण्याचें आधींच कबूल केलें. पुढें मोकळ्या वेळांत तीं मुलें इतरांच्या सुमारें निम्माच वेळ चित्रांत रमलीं. म्हणजे ज्यांत मूल आपणहून रंगतें तेथें लांच देऊं नये. प्रत्येक गोष्टीला चॉकलेट लावणाऱ्या मामांनीं हें ऐकून ठेवावें.

आतां विचुंब्याच्या घरीं परत जाऊं. आई, बाबा आणि आजी यांनीं एका रविवारीं बसून ठरविलें, असें समजा. मोबाइल संध्याकाळीं कपाटांत, नजरेआड. आई आली कीं पहिलीं पंधरा मिनिटें मुलाचीं, कुकर त्यानंतर. रडण्याला मोबाइल मिळणार नाहीं, पण शांतपणें कांहीं मागितलें किंवा केलें तर त्याच क्षणीं कौतुक. कोणीही फुटायचें नाहीं. सोमवारीं तो अर्धा तास रडला. मंगळवारीं त्याहून अधिक. आजींनीं दोनदां कपाटाकडे पाहिलें आणि जपमाळ घेतली. गुरुवारीं रडें दहा मिनिटांवर आलें. पुढच्या बुधवारीं त्यानें एकदां मागून पाहिलें आणि मग आजींच्या पुढ्यांतल्या मटाराच्या शेंगा सोलूं लागला. दाणे सोलण्यापेक्षां खाण्याकडेच कल अधिक होता, तरी आजींनीं वाटी उचलून सुनेला दाखविली आणि म्हणाल्या, “बघ ग, किती सोलले यानें!”

शनिवारीं डोंबिवलीहून मामा आले. भाचा जरा कुरकुरला, आणि मामांनीं खिशांतून आपला मोबाइल काढला. आजींनीं त्यांचा हात वरच्यावर धरला.