दाता गाडी आणि नवा नंबर



मोटार ही विकत घेण्याची वस्तू, अशी आपली समजूत आहे. इंग्लंडात मात्र ती घरी बांधणाऱ्या हौशी माणसांची परंपरा जुनी आहे. 1957 साली लोटस कंपनीने आपली 'सेव्हन' ही छोटी मोटार सुट्या भागांच्या रूपानेही विकावयास काढली. तयार मोटारीवर त्या काळी खरेदी-कर बसे. सुट्या भागांवर तो बसत नसे. जोडणीची पुस्तिका सोबत दिली तर सवलत जाई, म्हणून कंपनी मोटार सुटी कशी करावी याची पुस्तिका देई आणि ग्राहक ती उलटी वाचीत, असे तिकडे मोठ्या आवडीने सांगतात! 1973 साली मूल्यवर्धित कर आला आणि सवलत संपली. हौस संपली नाही. 1996 साली रॉन चँपियन यांनी अवघ्या अडीचशे पौंडांत मोटार कशी बांधावी याचे पुस्तक काढले. सांगाडा घरी वेल्डिंग करावयाचा आणि इंजिन, गिअरबॉक्स जुन्या फोर्ड एस्कॉर्टमधून काढून घ्यावयाचे. अशा जुन्या गाडीला तिकडे 'दाता' गाडी म्हणतात.

मग ही मोटार जुनी की नवी? प्रश्न तत्त्वज्ञाचा वाटतो, पण तो सोडवावा लागतो नोंदणी-कचेरीतील कारकुनाला. कारण चोरीची गाडीही याच वाटेने नवे नाव घेऊन रस्त्यावर येऊ शकते. फेरफार केलेल्या गाड्यांसाठी ब्रिटिश नोंदणी खात्याने दीर्घकाळ गुण ठरविले होते. मूळ सांगाड्याला पाच. सस्पेन्शन, आस, गिअरबॉक्स व स्टीअरिंग यांना प्रत्येकी दोन. इंजिनाला केवळ एक. आठ गुण भरले तर जुना नंबर कायम. ज्याला आपण मोटारीचे काळीज म्हणतो, त्याचे मोल सर्वांत कमी! मला यात शहाणपण दिसते. इंजिन बदलले तरी गाडी तीच राहते. सांगाडा बदलला की गाडीच बदलली. 2025 च्या ऑगस्टमध्ये या धोरणाची नव्याने मांडणी झाली.

घरी बांधलेल्या नव्या गाडीची रस्त्यावर येण्यापूर्वी एकटीची स्वतंत्र परीक्षा होते. ब्रेक, दिवे, धूर, आसनपट्टे तर पाहतातच. पण बाहेर डोकावणारा एखादा बोल्ट किंवा पत्र्याची धारदार कडही गाडीला नापास करते, कारण ती उद्या पादचाऱ्याच्या अंगात घुसेल. गाडीचे वय वा मूळ ठरविता आले नाही, तर 1983 पासून चालत आलेला 'क्यू' अक्षराचा नंबर मिळतो. तो झाकण्यासाठी हौसेचा नंबर लावता येत नाही. म्हणून जाणकार मंडळी दाता गाडीचे कागद आणि प्रत्येक पावती जपून ठेवतात.

आपल्याकडे हौस आहे, वाट अरुंद आहे. मूळ नोंदणीशी न जुळणाऱ्या फेरफारांना मोटार वाहन कायद्याचे कलम 52 आडवे येते. 2021 साली सांगली जिल्ह्यातील एका कारागिराने भंगारातील भागांची, किक मारून सुरू होणारी छोटी जीप बांधली. आनंद महिंद्रा यांनी तिचे कौतुक केले. पण नियमांत बसत नसल्याने अधिकारी ती आज ना उद्या थांबवतील, असे सांगून त्यांनी बदल्यात नवी बोलेरो देऊ केली. कारागिराने ती स्वीकारली, आणि 2022 च्या जानेवारीत त्यांच्या हातची जीप कंपनीच्या संग्रहात गेली.