बॅरिस्टरची सनद आणि तिचा खर्च

(नागोठणे येथे शिक्षक व पंचायत सदस्यांपुढे दिलेले भाषण)



‘मुलाला बॅरिस्टर करायचे’ ही आपल्याकडील जुनी महत्त्वाकांक्षा. तिची किंमत मात्र फार थोड्या घरांना परवडली.

लंडनमध्ये ग्रेज इन, लिंकन्स इन, इनर टेंपल आणि मिडल टेंपल ही बॅरिस्टरांची चार मंडळे आहेत. त्यांपैकी एकात नाव नोंदवून ठरावीक सत्रे भरावी लागत व परीक्षा द्याव्या लागत. सत्र भरल्याची खूण म्हणजे तेथील भोजनगृहात घेतलेली जेवणे! ऐकून हसू येईल. परंतु त्या जेवणांसाठी लंडनमध्ये राहावे लागे आणि खरा खर्च तोच होता.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९१६ साली ग्रेज इनमध्ये नाव नोंदविले. बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीची मुदत संपताच १९१७ साली शिक्षण अर्धवट टाकून त्यांना परतावे लागले. बुद्धी कमी पडली नव्हती, पैसा संपला होता. पुढे मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापकी करून त्यांनी पैसे साठविले. राजर्षी शाहू महाराजांनी साहाय्य केले, नवल भथेना या स्नेह्याने कर्ज दिले. तेव्हा १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले आणि १९२२ साली बॅरिस्टर झाले. १९२३ पासून त्यांनी मुंबईत वकिली सुरू केली. येथून याच महामार्गाने दक्षिणेस गेले की महाड लागते. तेथील चवदार तळ्याच्या दाव्यात ते स्वतः प्रतिवादी होते. १९२७ च्या सत्याग्रहानंतर सुरू झालेल्या त्या वादाचा उच्च न्यायालयातील निकाल त्यांच्या बाजूने लागावयास १९३७ साल उजाडले.

आता परिस्थिती पालटली आहे. १९६१ च्या अधिवक्ता अधिनियमाने वकिलांचा एकच वर्ग केला. ३१ डिसेंबर १९७६ नंतर बॅरिस्टर झालेल्यास केवळ त्या बळावर आपल्याकडे सनद मिळत नाही. म्हणजे ज्याला रोह्याच्या किंवा अलिबागच्या न्यायालयात उभे राहावयाचे आहे, त्याने विलायतेचा खर्च करण्याचे कारण उरलेले नाही. बारावीनंतर पाच वर्षांचा किंवा पदवीनंतर तीन वर्षांचा विधी अभ्यासक्रम, त्याआधी राज्याची प्रवेश परीक्षा, नंतर सनद आणि अखिल भारतीय बार परीक्षा, असा हा मार्ग आहे. विधी महाविद्यालय अलिबागेतही आहे.

सनदेच्या शुल्काविषयी पालकांना आवर्जून सांगावे. कायद्याने ते सर्वसाधारण उमेदवारास ७५० रुपये व अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवारास १२५ रुपये आहे. निरनिराळ्या राज्यांच्या बार कौन्सिल त्याहून कितीतरी अधिक रक्कम घेत असत. ३० जुलै २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते बेकायदेशीर ठरविले. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीसाठी जातीचा व उत्पन्नाचा दाखला वेळेवर लागतो. मुलगा किंवा मुलगी बारावीत असतानाच शिक्षकांनी ही आठवण द्यावी. प्रवेशाच्या दिवशी तहसील कार्यालयात धाव घेऊन दाखला मिळत नसतो.

माझ्या मते कठीण काळ सनदेनंतरचा आहे. ज्येष्ठ वकिलाकडे उमेदवारी करताना हाती फारसे काही पडत नाही आणि गरीब घरचा पदवीधर नेमका तेथे वकिली सोडतो. भारतीय बार कौन्सिलने ऑक्टोबर २०२४ मध्ये कनिष्ठ वकिलांना शहरी भागात दरमहा किमान २०,००० व ग्रामीण भागात १५,००० रुपये विद्यावेतन द्यावे, असे सुचविले. ती शिफारस आहे, सक्ती नव्हे. म्हणून घरच्यांनी शिक्षणाच्या खर्चाचा हिशेब मांडताना उमेदवारीच्या दोन-तीन वर्षांचे जेवण आणि एसटीचे भाडेही त्यात धरावे.