आडनाव नसलेला आरोपी

मी मूळचा चांदवडचा, कामानिमित्त सध्या जर्मनीत. भाषा सुधारावी म्हणून इथला पेपर वाचायला लागलो. चोरीच्या बातमीत आरोपीचं नाव ‘मार्कुस के.’, चेहरा धूसर. मला वाटलं, आडनाव छापायचं राहिलं! मग कळलं, इथल्या प्रेस कौन्सिलची आचारसंहिताच तशी आहे. लोकहित तेवढंच मोठं असेल, तरच पूर्ण नाव छापायचं.

१९६९ मध्ये लेबाखला दारूगोळ्याच्या कोठारावरच्या हल्ल्यात चार सैनिक मारले गेले. त्यावर झेडडीएफ वाहिनीने फिल्म केली. पण त्यातला एक साथीदार शिक्षा भोगून सुटणार होता. त्याला पुन्हा समाजात उभं राहता यावं, म्हणून १९७३ मध्ये इथल्या घटना न्यायालयाने ती दाखवायला मनाई केली.

आमच्याकडे ओळखीतल्या एका पोराला चौकशीला नेलं. दुसऱ्या दिवशी पेपरात नाव, गाव, फोटो. तो सुटला, त्याची बातमी कुठेच नाही. आजही सोयरिकीची बोलणी सुरू झाली की कुणीतरी मोबाइलवर ते कात्रण दाखवतंच.

बलात्कारपीडितेचं नाव छापायला आपल्याकडे कायद्यानेच बंदी आहे. म्हणजे नाव झाकणं आपल्याला जमतं. मग गुन्हा सिद्ध होईपर्यंत आरोपीचं का नको? आपल्याकडे आडनावावरून लोक जात काढतात, गावावरून घर. निकाल लागायच्या आधीच शिक्षा सगळ्या घराला होते.

विचार करा. भेटूच.