सीमेवर तपासलेली भाजी



कामगार चळवळीतल्या माणसाने परदेशी जाणाऱ्या भाजीवर बोलावे याचे आपणांपैकी काहींना नवल वाटेल. परंतु भाजी आपल्या पायांनी विमानात चढत नाही. ती तोडणारे, निवडणारे, खोक्यांत भरणारे हात कष्टकऱ्यांचे असतात. आणि परक्या नाक्यावर खोके अडले की पहिला फटका त्याच हातांना बसतो.

युरोपीय संघात ताजी भाजी कशी शिरते, ते आधी पाहू. जो देश माल पाठवतो त्याच्या सरकारी अधिकाऱ्याने, माल कीडमुक्त असल्याचा दाखला द्यावा लागतो. डिसेंबर २०१९ पासून जवळजवळ सर्व ताज्या फळांना व भाज्यांना तो लागतो. सूट आहे ती अननस, नारळ, ड्युरियन, केळी व खजूर या पाचांना. माल पोहोचण्यापूर्वी तिकडील आयातदाराने नाक्यावर वर्दी द्यावयाची. तेथे कागद तपासतात, कागदाशी माल ताडून पाहतात, आणि जरूर तेव्हा खोकी उघडून नमुना प्रयोगशाळेत धाडतात. हे उरकल्याखेरीज जकात अधिकारी माल सोडीत नाहीत. नापास झालेला माल परत तरी जातो, नाही तर नष्ट केला जातो.

या कडकपणामागे दोन भये आहेत. पहिले किडीचे. २०१३ साली भारतातून गेलेल्या फळभाज्यांच्या २०७ खेपांत फळमाशीसारख्या किडी आढळल्या. १ मे २०१४ पासून युरोपीय संघाने आपला हापूस, तसेच कारली, वांगी, पडवळ आणि अळू यांना दार बंद केले. आपल्याकडील तपासणी सुधारल्यावर २०१५ साली आंब्याची बंदी उठली. भाज्यांना मात्र त्यानंतरही थांबावे लागले.

दुसरे भय विषाचे. ज्या कीडनाशकाची वेगळी मर्यादा ठरलेली नाही, त्याचा अंश किलोमागे ०.०१ मिलिग्रॅमच्या वर चालत नाही. म्हणजे शंभर टन भाजीत एक ग्रॅम! आपल्या भेंडीवर जादा तपासणी लावली गेली ती याच भयापोटी.

काही जण म्हणतात, हा गोऱ्यांचा आडमुठेपणा आहे. आम्हांस तसे वाटत नाही. स्वतःच्या लेकरांच्या ताटाची काळजी घेणे हा गुन्हा नव्हे. आमचा प्रश्न निराळा आहे : या काळजीची किंमत कोण मोजतो, आणि तिचा लाभ कोणाला मिळतो?

बंदी आली की व्यापारी दुसरा माल पाहतो. रोजंदारीवर खोकी भरणाऱ्या बाईला दुसऱ्या दिवशी काम नसते. तिने कीड टाकली नाही, फवारणीही केली नाही. तरी दंड तिच्या चुलीला. आणि जो फवारतो त्याचे काय? २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. लंडनच्या ताटातला ग्रॅमाचा अंश मोजण्यास यंत्र आहे. फवारणाऱ्याच्या श्वासात किती विष गेले, ते मोजावयास त्याच्या बांधावर कोण जातो?

आपल्याकडे कायदा नाही असे नव्हे. २००६ सालचा अन्न सुरक्षा कायदा आहे, औषधाच्या डब्यावर फवारणीनंतर किती दिवस तोडणी करू नये हेही लिहिलेले असते. पण मंडईत आपण भाव विचारतो. शेवटची फवारणी कधी झाली, हे विचारीत नाही.

म्हणून आमचे मागणे तीन गोष्टींचे आहे. फवारणाऱ्याला मुखवटा, हातमोजे आणि त्याच्या भाषेतले शिक्षण मिळावे, आणि ते मजुरी न कापता. माल अडला म्हणून काम थांबले, तर त्या दिवसांची मजुरी बुडू नये. आणि नाक्यावर होणारी तपासणी आपल्या गावच्या मंडईपर्यंत यावी. परक्याच्या पोराला जी भाजी निर्धोक हवी, ती आपल्या पोराला का नको? हा प्रश्न उद्या सकाळी पिशवी घेऊन निघताना आपण स्वतःला विचारावा, एवढी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.