हजेरीपटावरचा बाप

(युवकांच्या अभ्यास-शिबिरात केलेलं भाषण. बोललो तसंच उतरवलंय, त्यावर फार रंधा मारलेला नाही.)



मला विषय दिलाय 'आपली लष्करी परंपरा'. परंपरा हा शब्द मला जड जातो. ज्यांच्या घरात वंशावळ, कुळदैवत आणि सातबारा एकाच पेटीत नांदतात त्यांनी तो वापरावा. आपल्या घरात पेटी असलीच तर पत्र्याची ट्रंक, आणि तिच्यात रेशनकार्ड, जातीचा दाखला, आईची लग्नातली साडी. तेव्हा मी परंपरेवर बोलत नाही, कागदावर बोलतो. आपला आजा-पणजा पलटणीत होता असं आपण छातीवर हात मारून म्हणतो. तो कुठल्या कागदावर सापडतो, कुठल्या कागदावर सापडत नाही, आणि का सापडत नाही, एवढंच बोलणार.

दर १ जानेवारीला आपण कोरेगावला जातो. लाखांनी जातो. २०१८ साली दगड खाल्ले, तरी पुढच्या वर्षी गेलो. पण त्या स्तंभावरची नावं तुमच्यापैकी किती जणांनी वाचलीत? हात वर करू नका, उगाच अवघड व्हायचं. कामी आलेल्या ४९ जणांची नावं आहेत. त्यातल्या २२ नावांच्या शेवटी 'नाक' आहे. हे नाक फक्त महाराच्या नावाला लागायचं, दुसऱ्या कुणाच्या नाही. गावात आमचं नाक जमिनीला टेकलेलं, आणि पलटणीच्या यादीत तेच नाक दगडावर कोरलेलं. गंमत बघा.

उरलेली नावं मराठ्यांची आहेत, रजपुतांची आहेत, मुसलमानांची आहेत, यहुद्याचंही आहे. हे सांगितलं की आपली काही पोरं रागावतात. रागावू द्या. यादी आहे तशी वाचायची. आपल्याला आवडती तेवढीच नावं वाचायची आणि बाकीची गिळायची, हा धंदा बखरकारांनी शेकडो वर्षं केला. त्यात आपण भर कशाला घालायची?

दुसरे काही शहाणे म्हणतात, अरे ते इंग्रजाच्या पगारावर लढले, त्यात कसली अस्मिता! मी म्हणतो, हो, पगारावर लढले. पण पगार म्हणजे काय ते त्या शहाण्यांना कळायचं नाही. गावात महाराला पगार नव्हता. बलुतं होतं, शिळा तुकडा होता, मेलेलं ढोर होतं, आणि बोलावणं आलं की रात्री-बेरात्री धावायचं होतं. पलटणीत महिन्याला हजेरी. नाव पुकारायचं, पुढं यायचं, हातावर रोकड घ्यायची. 'ए म्हारा' अशी हाक नाही, बापाच्या नावासकट पुरतं नाव. मी रोज गोदीत हजेरीला उभा राहतो, मुकादम नाव वाचतो तेव्हा मला हे कळतं. ज्याचं नाव वाचलं त्याची त्या दिवशी चूल पेटते. म्हणून मला त्या २२ जणांच्या शौर्याइतकीच त्यांची हजेरीवही महत्त्वाची वाटते.

आता ही वही शोधायला जा. कंपनीच्या गोऱ्या शिपायांच्या हजेरीपटांच्या नकला दरसाल लंडनला जात. त्या तिथं ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिसच्या कागदांत आजही आहेत, त्यांची नातवंडं-पतवंडं बसून आरामात पूर्वज काढतात. काळ्या शिपायाची नोंद पलटणीकडेच राहिली. सुभेदार-जमादार झाला असेल तर छापील आर्मी लिस्टमध्ये नाव मिळण्याची आशा. शिपाई, नाईक, हवालदार राहिला असेल तर त्या लिस्टमध्ये तो नाही. मग मेला तर दगडावर, जगला तर कुठंच नाही. आणि आपले बहुतेक पूर्वज जगले, नाहीतर आपण इथं कसे बसलो असतो?

त्यात पलटणींची नावं बदलत गेली. कोरेगावची ती पहिल्या रेजिमेंटची दुसरी बटालियन. १८२४ नंतर ती झाली बॉम्बेची दुसरी ग्रेनेडियर, १९०३ साली १०२ वी ग्रेनेडियर्स, १९२२ ला परत नवा आकडा. पलटण एक, पाट्या चार. वर आपली नावं. इंग्रज कारकुनानं कानाला ऐकू आलं तसं लिहिलेलं. जातीच्या रकान्यात 'महार' शोधाल तर फसाल, मुंबई सैन्यात आपल्याला 'परवारी' म्हणत. इंग्रजी स्पेलिंगं तर पाच-पाच. हे माहीत नसलं की माणूस वही उघडून बसतो आणि त्याचा बाप त्याच्या डोळ्यासमोरून निघून जातो.

माझ्या घरातली गोष्ट थोडक्यात सांगतो, कारण तिच्यात शिकण्यासारखं आहे. माझा पणजा १९४१ साली बेळगावला भरती झाला, महार रेजिमेंटची पहिली पलटण तिथं उभी राहिली तेव्हा. घरात एवढंच ठाऊक होतं की म्हातारा लढाईत होता. कुठल्या लढाईत, तर आजीच्या मते जर्मनीत. एका कचेरीत विचारायला गेलो तर तिथला कारकून चष्म्यावरून बघत म्हणाला, "तुमच्यात रेकॉर्ड कुठलं आलंय? तुमचं सगळं तोंडी." म्हणलं ठीक आहे. पणज्याचं पदक शोधलं. गुळगुळीत झालेलं. पण त्याच्या कडेवर, अगदी धारेवर, बारीक अक्षरं होती. नंबर आणि नाव. फौजेतल्या माणसाचं नाव खरं तर त्याचा नंबर असतो. तो नंबर लिहून सागरला, मध्य प्रदेशात, रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसला पत्र टाकलं. तीन पत्रं टाकली. मग शीट रोलची नक्कल आली.

शीट रोल म्हणजे शिपायाची जन्मकुंडली, फक्त ग्रहांच्या जागी खरं लिहिलेलं. बापाचं नाव, गाव, तालुका, जिल्हा. उंची पाच फूट चार इंच. ओळखीची खूण : गालावर देवीचे व्रण. आमच्याकडं म्हाताऱ्याचा एकही फोटो नाही. तेव्हा मला त्याचा चेहरा पहिल्यांदा दिसला तो या ओळीत. जर्मनी कुठंच नव्हती. वायव्य सरहद्द प्रांत होता. रस्त्यांचे पहारे, चौक्या. पराक्रमाचा रकाना कोरा. आजीला सांगितलं, तर ती म्हणाली, "बरं झालं बाबा, कुणाला मारलं न्हाई."

आणि खाली वारस म्हणून पणजीचं नाव. आमच्या पणजीचं नाव त्याआधी जगातल्या कुठल्याही कागदावर नसावं. जमीन तिच्या नावावर नव्हती, शाळेत ती गेली नव्हती. तिला सगळी वस्ती अमक्याची आई म्हणायची. नवरा मेला तर पेन्शन कुणाला द्यायची, एवढ्या हिशेबापुरतं सरकारला तिचं नाव लागलं. आपल्या बाया इतिहासात कुठं आहेत असं शिबिरातल्या बहिणी विचारतात, बरोबर विचारतात. या वारसाच्या रकान्यात जाऊन बघा.

पण या कागदाची दुसरी बाजू विसरू नका. त्यावर जात आहे. इंग्रजानं जात लिहिली ती आपल्या प्रेमानं नव्हे. जातीच्या रकान्यावरनंच भरती केली आणि त्याच रकान्यावरनं हाकललं. १८९२ साली हुकूम निघाला. जातवार कंपन्या, जातवार पलटणी, आणि त्या वाटणीत महाराला जागा नाही. पाऊणशे-शंभर वर्षांची चाकरी एका सहीनं संपली. त्यांनी शास्त्र काढलं 'लढाऊ जमाती'चं. म्हणजे मनुस्मृतीच, फक्त इंग्रजीत आणि टोपी घालून.

तेव्हा आपल्या म्हाताऱ्यांनी काय केलं? कागद बाहेर काढले. दापोलीच्या कॅम्पात पेन्शनर महारांची वस्ती होती. त्यांतले गोपाळबाबा वलंगकर, स्वतः फौजेतनं निवृत्त झालेले. त्यांनी १८९४ साली अर्ज तयार केला की आमची भरती पुन्हा सुरू करा. १९१० साली शिवराम जानबा कांबळ्यांनी थेट भारतमंत्र्याकडं अर्ज धाडला, फौजेत घ्या, पोलिसात घ्या. आमच्या बापजाद्यांनी चाकरी केली, ही बघा, हा त्या अर्जांचा पाया. पूर्वज शोधणं हे आपल्यात हौसेचं काम कधीच नव्हतं. ते अर्जाला जोडायचं कागदपत्र होतं. त्यांना लढाऊपण सिद्ध करावं लागलं, कारण तो एकच दरवाजा किलकिला होता. आपल्यावर आज ती सक्ती नाही. माझ्या पणज्यानं गोळी झाडली का नाही, मला फरक पडत नाही.

आणि बाबासाहेब कुठून आले? महूच्या छावणीतनं. आजोबा मालोजी फौजेत, वडील रामजी सुभेदार पलटणीच्या शाळेचे हेडमास्तर. गावच्या शाळेत जो बाहेर बसला असता, तो पलटणीच्या शाळेत मास्तर झाला. १९२७ च्या १ जानेवारीला बाबासाहेब कोरेगावला उभे राहिले ते या घरातनं येऊन.

मग १९१७. महायुद्धात माणसं कमी पडली, तेव्हा लढाऊ-बिनलढाऊचं शास्त्र गुंडाळलं आणि १११ वी महार पलटण उभी केली. १९२१ च्या मार्चमध्ये मोडली. १९४१ ला परत गरज, परत भरती. ही रीत मला पाठ आहे. बोट धक्क्याला लागली की 'माणूस पायजे, माणूस पायजे', बोट रिकामी झाली की 'उद्या येऊ नको'.

त्या पहिल्या महायुद्धाचा हिशेब अजून मिटलेला नाही. बसऱ्याला १९२९ साली स्मारक झालं. अधिकाऱ्यांची नावं कोरली. साध्या हिंदी शिपायांच्या वेळेला पलटणीचं नाव कोरलं आणि पुढं आकडा, इतके मेले. शंभर वर्षांनी, २०२१ च्या एप्रिलात, युद्धकबरींची देखभाल करणाऱ्या त्यांच्याच कमिशननं अहवाल काढून कबूल केलं की आफ्रिका, आशियातल्या ४५ ते ५४ हजार मृतांची आठवण गोऱ्यांच्या बरोबरीनं राखली गेली नाही. ज्यांची नावंच नोंदली नाहीत ते त्याहून वेगळे, लाखाच्या वर. पदकातसुद्धा भेद. लढणाऱ्याला चांदीचं, मजूर-पथकातल्या अनेकांना तेच पदक काशाचं. चांदीची पदकं पुढं पोटासाठी सोनाराकडं गेली, वितळली. काशाला गिऱ्हाईक नव्हतं म्हणून ती काही घरांत राहिली असतील. हमालाचा पुरावा टिकला तो असा.

पंजाबचं बघा. तिकडं युद्ध संपल्यावर सरकारनं गावोगावची रजिस्टरं केली, कोण गेला, कोण परतला. सव्वातीन लाखांच्या आसपास माणसांची नोंद. ती लाहोरच्या म्युझियममध्ये पडून होती, २०२१ पासून लोकांना बघता येऊ लागली. कुणी पोरगा गावाचं नाव घालतो आणि खापरपणजा समोर येतो. आपल्या रत्नागिरी-साताऱ्याच्या महारवाड्यांचं असं रजिस्टर माझ्या हाताला लागलेलं नाही. ते आपणच करायचं आहे, आणि म्हाताऱ्या बाया जिवंत आहेत तोवर करायचं आहे, कारण कुणाचा नवरा कुठल्या पलटणीत होता, पेन्शन कुठल्या पोस्टात यायची, हे त्यांनाच ठाऊक.

तर येत्या रविवारी सभा नको, भाषण नको. आपापल्या घरची ट्रंक उघडा. डिस्चार्जचा कागद, पेन्शनबुक, मनीऑर्डरची पावती, काय असेल ते आणा. मोडी वाचणारा एक जण येणार आहे. वस्तीत एक वही फिरवू : नंबर, नाव, बापाचं नाव, बायकोचं नाव, गाव, पलटण. धर्मांतरानंतर आडनाव बदललं असेल तर जुनं नाव शेजारी लिहा. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाला आणि रेकॉर्ड ऑफिसला द्यायची पत्रं तिथंच बसून लिहू, पोस्टाचा खर्च वर्गणीतनं. आणि पदक सापडलं तर लख्ख करायला चिंचेनं घासत बसू नका. कडेवरची अक्षरं जातात.