सिबिल पडलाय? आधी अर्ज थांबवा

नारायण पेठेत कॉट बेसिसवर राहून परीक्षांची तयारी करताना ॲपवरून घेतलेलं छोटं कर्ज थकतं, आणि पुढे नोकरी लागली तरी क्रेडिट कार्ड मिळत नाही. अशा वेळी बँकांमागून बँकांत अर्ज टाकू नका. प्रत्येक चौकशीची नोंद होते, स्कोअर आणखी घसरू शकतो.

आधी रिपोर्ट बघा. चारही क्रेडिट कंपन्यांकडून वर्षातून एकदा फुकट मिळतो. फेडलेलं कर्ज बाकी दिसतंय? तक्रार करा. 30 दिवसांत निकाल नाही लागला, तर पुढे दिवसाला 100 रुपये भरपाई, हा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे.

रिपोर्ट बरोबरच असेल तर एफडीवर कार्ड घ्या. तारण असल्यामुळे बँक सहसा स्कोअरवर अडून बसत नाही. मात्र दर महिन्याला बिल पूर्ण भरायचं, नुसतं ‘मिनिमम ड्यू’ नाही!