‘कुठं लिहिलंय, दाखव!’

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



‘खालील उतारा वाचून प्रश्नांची उत्तरे लिहा’ हा प्रश्न मला फार आवडायचा. आज तुमच्यासमोर कबूल करते, पैकीच्या पैकी गुण मिळायचे, पण उतारा मी वाचतच नसे. प्रश्नातला शब्द उताऱ्यात शोधायचा आणि ते वाक्य उतरवून काढायचं, झालं!

ही सवय इंजिनिअर झाल्यावर महागात पडली. पहिल्याच नोकरीत ग्राहकाने लिहून दिलं होतं, ‘रोज रात्री बारा वाजता दिवसाचा हिशेब बंद करावा.’ मी तसा प्रोग्रॅम लिहिला. ग्राहक न्यूयॉर्कचा. आमचे रात्रीचे बारा म्हणजे तिकडे भर दुपार. दुकान उघडं आणि हिशेब बंद! मी शब्द सगळे वाचले होते, पण ‘रात्र कोणाची?’ हा प्रश्न पडलाच नव्हता.

गेली तीन वर्षं मी दर शनिवारी घराजवळच्या एका शाळेत सहावी-सातवीच्या मुलांबरोबर वाचते. मुलं घडाघडा वाचतात. पण कुत्र्यावरचा उतारा दिला, की न वाचताच उत्तर तयार : ‘कुत्रा इमानी प्राणी आहे.’ उताऱ्यातला कुत्रा चावरा असला तरी! म्हणून मी वर्गात ड्रॅगन आणला.

केनेथ ग्रॅहम या लेखकाची ‘द रिलक्टंट ड्रॅगन’ ही १८९८ सालची गोष्ट मी सोप्या मराठीत लिहून काढली. त्यातला ड्रॅगन टेकडीवर राहतो आणि कविता करतो. त्याच्याबद्दल ऐकून सेंट जॉर्ज हा वीर त्याला मारायला गावात येतो. धनगराचा वाचनवेडा मुलगा दोघांची गाठ घालून देतो आणि लुटुपुटूची लढाई ठरते.

मी विचारलं, ‘ड्रॅगन कसा आहे?’ अर्धा वर्ग ओरडला, ‘दुष्ट!’ मी एवढंच म्हटलं, ‘कुठं लिहिलंय, दाखव.’ ओळींवरून बोटं फिरू लागली. दुष्टपणाच्या गोष्टी सापडल्या, पण त्या सगळ्या गावकऱ्यांच्या तोंडी होत्या. ड्रॅगनने प्रत्यक्ष कुणाचं काही बिघडवल्याचं कुठंच नव्हतं. ‘म्हणजे ताई, गावकरी थापा मारतायत?’ त्या दिवशी वर्ग पहिल्यांदा खऱ्या अर्थाने वाचत होता.

पुढचा प्रश्न, ‘तो शूर की भित्रा?’ माझ्या वहीत उत्तर होतं, ‘भित्रा’. कधीच न बोलणारी एक मुलगी म्हणाली, ‘ताई, तो घाबरत नाही. त्याला भांडायचंच नाहीये.’ मी सवयीने म्हटलं, ‘कुठं लिहिलंय, दाखव.’ लढणं आपल्या स्वभावात नाही असं ड्रॅगन सांगतो, तिथं तिने बोट ठेवलं. मग म्हणाली, ‘आणि घाबरला असता तर पळून गेला असता. तो तर तिथंच बसलाय.’ हे दुसरं कुठल्याच ओळीत लिहिलेलं नव्हतं. ते तिने स्वतः जुळवलं होतं. मी माझं उत्तर खोडलं.

सगळ्यांना जमलंय असं नाही. दोन मुलं अजूनही प्रश्नातला शब्द शोधून ओळ उतरवतात. त्यांच्यात मी मलाच पाहते आणि त्यांच्याजवळ जास्त वेळ बसते.

बाई, तेव्हा मी तुम्हाला फसवून गुण घेतले. ते परत करता येत नाहीत, म्हणून शनिवारी थोडे थोडे फेडते आहे. आपल्यापैकी कुणाला आठवड्यातला एक तास मोकळा असेल, तर जवळच्या शाळेत जरूर जा. एखादी गोष्ट न्या आणि एक प्रश्न न्या. उत्तर मात्र घरीच ठेवा.